बेरिल, जून २०२४: विमान पोचण्याआधीचे दोन दिवस

२८ जून २०२४, शुक्रवार. बार्बाडोसमध्ये संध्याकाळचे पाच वाजले होते. बेटाच्या पूर्वेला जवळजवळ दोन हजार किलोमीटरवर, ४० अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास, एक ट्रॉपिकल डिप्रेशन (चक्रीवादळाची पहिली, कमजोर पायरी) तयार झाल्याचं मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरनं जाहीर केलं. रात्री त्याला बेरिल हे नाव मिळालं. शनिवारी संध्याकाळी ते हरिकेन झालं आणि रविवारी दुपारच्या आत पाचपैकी चौथ्या श्रेणीत गेलं. डिप्रेशनपासून तिसऱ्या श्रेणीपर्यंत, म्हणजे 'मेजर हरिकेन' होईपर्यंत, त्याला ४२ तास लागले. अटलांटिकच्या नोंदींमध्ये जून महिन्यात चौथ्या श्रेणीचं हरिकेन त्याआधी एकदाही नव्हतं. सर्वांत लवकर ती श्रेणी गाठण्याचा आधीचा मान २००५ च्या डेनिसकडे होता, तोही ८ जुलैचा.

या ४२ तासांपैकी बहुतेक तास वादळाच्या पोटात एकही विमान नव्हतं. यात कुणाची हलगर्जी नव्हती. विमानाचा पल्ला, तळ कुठे आहे आणि उद्याची फ्लाइट आज मागावी लागते हा नियम, या तीन गोष्टींनी ते आधीच ठरवून टाकलेलं होतं. हंगामाच्या सुरुवातीची वादळं पाहणाऱ्याला हे गणित पाठ हवं. 'हरिकेन हंटर (वादळात शिरणारी टेहळणी विमानं) गेले की कळेलच' असं म्हणून थांबलात, तर कळतं तेव्हा हातात एक दिवस उरलेला असतो. बेरिलच्या वेळी तो एकच उरला होता.

लहर हाती लागते कशी

पश्चिम आफ्रिकेवर उन्हाळ्यात साधारण ६०० ते ७०० मिलिबारच्या पातळीवर, म्हणजे तीन-चार किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा जोरदार प्रवाह असतो. तो डळमळला की त्यात नागमोडी वळणं पडतात. त्यांनाच ट्रॉपिकल वेव्ह म्हणायचं. इथे सोयीसाठी लहर म्हणू. दर तीन ते पाच दिवसांनी एक, असं करत वर्षाला साठेक लहरी आफ्रिकेचा किनारा सोडतात. दोन लहरींमधलं अंतर दोन-अडीच हजार किलोमीटर असतं आणि वेग दिवसाला सहा-सात रेखांश. बहुतेक लहरी कॅरिबियन ओलांडून पॅसिफिकमध्ये जाईपर्यंत कुणाच्या नजरेतही भरत नाहीत.

जूनमधल्या लहरींकडे तर सहसा दुर्लक्षच होतं आणि त्यामागे कारणं आहेत. सहाराची कोरडी, धुळीनं भरलेली हवा याच दिवसांत समुद्रावर पसरते. वरच्या थरातले वारे ढगांचे मनोरे वाकवतात. शिवाय आफ्रिका आणि कॅरिबियनच्या मधलं पाणी अजून पुरतं तापलेलं नसतं. २०२४ मध्ये यातलं शेवटचं कारणच उरलं नव्हतं. जूनच्या अखेरीस त्या पट्ट्यातल्या पाण्यात एरवी सप्टेंबरात असते तेवढी उष्णता साठली होती. ही लहर ९-१० अंश अक्षांशावरून चालली होती, धुळीच्या पट्ट्याच्या दक्षिणेनं. वरचे वारेही मवाळ होते. म्हणजे जूनमध्ये लहरीला अडवणारे तिन्ही रखवालदार एकाच वेळी गैरहजर.

लहरीचा माग काढायला विमान लागत नाही. डाकार, केप व्हर्देचं साल बेट, बार्बाडोस, त्रिनिदाद, ग्वादलूप इथून सोडलेल्या हवामान फुग्यांच्या नोंदी बघायच्या. लहरीचा अक्ष पुढे सरकला की ७०० मिलिबारवर ईशान्येकडून येणारा वारा आग्नेयेकडून येऊ लागतो. ठिकाणांपेक्षा दिवसांचा क्रम महत्त्वाचा. आज सालवर दिसलेलं वळण साधारण सहा दिवसांनी बार्बाडोसवर दिसायला हवं. दिसलं नाही तर लहर विरली, नाहीतर आपण भलतीच लहर धरून बसलो आहोत.

मधल्या समुद्रावर फुगे नाहीत. तिथे हॉवमोलर आकृती कामाला येते. आडव्या अक्षावर रेखांश, उभ्या अक्षावर वरून खाली तारखा, आणि त्यात ढगांची किंवा वाऱ्याची किंमत भरायची. लहर डावीकडे उतरणाऱ्या तिरक्या पट्ट्यासारखी दिसते आणि पट्ट्याच्या उतारावरून वेग निघतो. ढगांचा एखादा पुंजका मोठा दिसला म्हणून त्याच्यामागे जायचं नाही. पुंजका उगवतो, विरतो, पण तिरकी रेघ टिकते. नवशिक्यांची पहिली चूक हीच असते.

बॅरोमीटर पाहायचा तर एक पथ्य पाळायचं. उष्णकटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. हा चढउतार दोन-तीन मिलिबारचा, आणि कमजोर लहरीची खूणही तेवढीच. म्हणून दुपारी चारचा दाब सकाळी दहाशी कधी ताडून पाहायचा नाही. कालच्या दुपारी चारशी ताडायचा.

नॅशनल हरिकेन सेंटरच्या दृष्टिक्षेप-बुलेटिनमध्ये ही लहर २५ जूनला आली. हे बुलेटिन दिवसातून चार वेळा निघतं आणि पुढच्या दोन व सात दिवसांत वादळ होण्याची टक्केवारी देतं. मग तिला '९५एल' हा क्रमांक मिळाला. ९० ते ९९ हे आकडे आलटूनपालटून वापरायचे असतात आणि 'एल' म्हणजे अटलांटिक. क्रमांक मिळाला म्हणजे वादळ झालं असं होत नाही. त्या जागेवर संगणकी मॉडेल चालवायला आणि उपग्रहाचे खास तुकडे मागायला फाइल उघडली, एवढाच त्याचा अर्थ.

भोवरा बंद आहे का?

लहर आणि डिप्रेशन यांच्यातली सीमारेषा एकच आहे: जमिनीलगत बंद भोवरा हवा. चारही बाजूंना वारा मध्याभोवती फिरताना दिसला पाहिजे. उत्तर गोलार्धात याचा अर्थ मध्याच्या दक्षिणेला पश्चिमेकडून येणारा वारा सापडलाच पाहिजे. झगडा सगळा या पश्चिम वाऱ्याचा असतो.

लहरी वेगानं पळत असल्यामुळे तो सापडणं अवघड होतं. समजा भोवऱ्याचं स्वतःचं फिरणं १५ नॉटचं (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) आहे आणि सगळी यंत्रणा १८ नॉटनं पश्चिमेला सरकते आहे. उत्तरेच्या बाजूला दोन्ही वेगांची बेरीज होते, म्हणजे पूर्वेकडून ३३ नॉट. दक्षिणेला वजाबाकी: १५ वजा १८, म्हणजे पूर्वेकडूनच ३ नॉट. पश्चिम वारा कुठेच नाही. कागदोपत्री डिप्रेशनही नाही, पण उत्तरेकडच्या बेटावर वादळी वारा मात्र आहे. ही पंचाईत सोडवायला २०१७ पासून 'पोटेन्शियल ट्रॉपिकल सायक्लोन' अशी श्रेणी आली. भोवरा बंद झाला नसला तरी बेटांना इशारा देता येऊ लागला. तिचा पहिला वापरही हंगामाच्या सुरुवातीचाच: जून २०१७ मध्ये त्रिनिदादच्या दिशेनं निघालेली लहर, जिचं पुढे ब्रेट झालं.

हा बंद भोवरा शोधायला जी फ्लाइट जाते तिला 'इन्व्हेस्ट' म्हणतात. विमान ५०० ते १,५०० फुटांवर उतरतं आणि अंदाजे मध्याभोवती चौकोन किंवा फुली मारत फिरतं. आतल्या हवामान अधिकाऱ्याचं मुख्य हत्यार शाळेच्या पुस्तकातलंच आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला. वारा बदलेल तसा तो पायलटला नवा रोख सांगत जातो. एवढ्या खाली, लाटांवरचा फेस डोळ्यांनी वाचत फिरायचं काम शक्यतो दिवसाउजेडी करतात. इथे एक गोची होते. खुल्या समुद्रावर ढगांचा जोर पहाटे सर्वाधिक असतो आणि दुपारपर्यंत ओसरतो. विमान दुपारी पोचतं, विस्कटलेले ढग आणि विखुरलेले वारे पाहतं, 'मध्य सापडला नाही' असा निरोप धाडून परततं. त्याच रात्री ढग पुन्हा फुगतात. रिकाम्या हातानं परतलेली इन्व्हेस्ट फ्लाइट म्हणजे सुटकेचा दाखला नव्हे. त्या दोन तासांत भोवरा बंद नव्हता, एवढंच ती सांगते.

बेरिलच्या बाबतीत इन्व्हेस्ट फ्लाइटचा प्रश्नच आला नाही. ते एवढं पूर्वेला होतं की डिप्रेशन, वादळ, हरिकेन या तिन्ही बढत्या त्याला उपग्रहावरच मिळाल्या.

पल्ल्याचं अंकगणित

अटलांटिकमधल्या टेहळणीचा मुख्य भार मिसिसिपीतल्या बिलॉक्सीजवळच्या केस्लर तळावरच्या ५३व्या वेदर रिकॉनेसन्स स्क्वॉड्रनवर असतो. त्यांच्याकडे दहा डब्ल्यूसी-१३०जे विमानं आहेत. शिवाय नोआकडे, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेकडे, फ्लोरिडातल्या लेकलंडला दोन पी-३ ओरायन आणि एक गल्फस्ट्रीम. वादळ पूर्व कॅरिबियनच्या बाजूला असलं की वायुदलाची विमानं अमेरिकी व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉय इथे पुढचा तळ टाकतात.

सेंट क्रॉयहून बेरिलचं अंतर नकाशावर मोजू. शुक्रवारी संध्याकाळी ते सुमारे १,४५० सागरी मैल होतं. शनिवारी संध्याकाळी, बेरिल ४९ अंशांवर हरिकेन झालं तेव्हा, साधारण १,००० सागरी मैल. रविवारी सकाळी, ५४ अंशांजवळ, साधारण ७५०. विमानाचा प्रवासाचा वेग ३०० नॉट धरू आणि एका फेरीला १२ तास. शुक्रवारी जायला जवळजवळ पाच तास, यायला पाच, मध्ये उरतात दोन. त्यातून पर्यायी विमानतळासाठी राखायचं इंधन वजा केलं की वादळात एक वळसाही धड होत नाही. शनिवारी साडेतीन-साडेतीन तास प्रवासात जातात आणि हातात पाच उरतात. रविवारी अडीच-अडीच जातात, सात उरतात. कामाची फ्लाइट तिथून सुरू होते.

राष्ट्रीय हरिकेन आराखड्यातली मर्यादाही याच हिशेबातून आली आहे. ढोबळमानानं ५२ ते ५५ अंश पश्चिम रेखांशाच्या पश्चिमेला आणि जमिनीपासून ५०० सागरी मैलांच्या आत आल्यावर दर सहा तासांनी मध्य शोधायचा. अमेरिकेच्या किनाऱ्याला धोका असेल आणि वादळ ३०० मैलांत असेल तर दर तीन तासांनी.

'मग बार्बाडोसवरूनच उडा की!' हा प्रश्न हमखास येतो. अंतर बरंच कमी होतं, हे खरं. पण वादळ त्याच बेटाकडे येत असतं. विमानतळ रविवारी संध्याकाळी बंदच झाला. वादळाच्या वाटेवर पार्क केलेलं विमान म्हणजे टेहळणी नव्हे, जोखीम. हंगामाच्या सुरुवातीला, कमी अक्षांशावरून थेट कॅरिबियनच्या पूर्व कडेच्या विंडवर्ड बेटांकडे येणाऱ्या लहरीच्या बाबतीत जवळचा तळ आणि सुरक्षित तळ सहसा एक नसतात. त्यातून दक्षिणेच्या मार्गावर परक्या देशांच्या हवाई हद्दी लागतात, त्यांची परवानगी वेगळी.

उद्याची फ्लाइट आज

विमान बटण दाबलं की निघत नाही. हरिकेन सेंटरमधला तज्ज्ञ मागणी देतो. तिथेच बसलेलं समन्वय कार्यालय ती वायुदल आणि नोआ यांच्यात वाटतं आणि रोज ग्रिनिच वेळेनुसार १८:३० च्या सुमारास दिवसाचा आराखडा निघतो. तो लागू होतो दुसऱ्या दिवशीच्या ११:०० पासून पुढचे चोवीस तास. सोबत त्यापुढच्या दिवसाचा कच्चा अंदाज असतो. म्हणजे रविवारच्या सकाळसाठी निर्णय शनिवारी दुपारी व्हायला हवा, आणि पुढचा तळ टाकायचा असेल तर शुक्रवारीच.

या आराखड्याची एक नोंद वाचायला शिकलं की अर्धी माहिती अमेरिकी बातम्यांच्या आधी कळते. पहिल्या ओळीत फ्लाइटचं नाव. 'टील' असेल तर वायुदल, 'नोआ' असेल तर नोआ. पुढची ओळ मध्य शोधण्याच्या नेमून दिलेल्या वेळांची, तारीख आणि ग्रिनिच वेळ तिरक्या रेघेनं जोडून. मग मोहिमेचा क्रमांक: पहिले दोन आकडे या वादळातली कितवी मोहीम ते सांगतात, पुढचे दोन वादळाचा क्रमांक, शेवटचं 'ए' म्हणजे अटलांटिक. वादळाच्या क्रमांकाच्या जागी एकच रोमन अक्षर दोनदा दिसलं तर ती लहर अजून इन्व्हेस्टच्याच टप्प्यात आहे. पुढे उड्डाणाची वेळ, गाठायचे अक्षांश-रेखांश, तिथे थांबायचा काळ, उंची आणि शेवटी काम: 'फिक्स' (वादळाचा मध्य नक्की करणं) की 'इन्व्हेस्ट'. उड्डाण आणि मध्य शोधण्याची वेळ यांतला फरक पाहा. चार-पाच तास असेल तर वादळ पल्ल्याच्या कडेला आहे आणि एका मोहिमेत एखाद-दोनच फिक्स मिळतील, हे आधीच समजून चालायचं.

आराखड्यातले अक्षांश-रेखांशसुद्धा वीस-चोवीस तास जुन्या अंदाजाचे असतात. वादळ वेगानं पळालं तर क्रूला वाटेत नवे मिळतात. मोहीम मध्येच तांत्रिक बिघाडामुळे फिरली तर पुढची फ्लाइट आधीच्या वेळेवरच येते, सहा किंवा बारा तासांनी. क्रूच्या ड्युटीचे आणि सक्तीच्या विश्रांतीचे तास ओढता येत नाहीत. त्यातून रविवारी, ३० जूनला, मेक्सिकोच्या आखातात दक्षिणेला क्रिस हे दुसरं वादळ उभं राहत होतं आणि बेरिलच्या मागून ९६एल ही आणखी एक लहर येत होती. दहा विमानं कागदावर पुष्कळ वाटतात.

विमानाशिवायचे तास

शनिवारी, २९ जूनला, ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर सकाळी साडेदहाला टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला. भारतात तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. रोहित शर्मानं चषक उचलला त्यानंतर काही तासांनी, संध्याकाळी पाचच्या बुलेटिनमध्ये, बेरिल हरिकेन झालं. महाराष्ट्रात ते बुलेटिन मध्यरात्रीनंतर अडीचला आलं, फटाके वाजत असताना. पुढे विमानतळ बंद झाल्यामुळे संघ अडकला, खास विमानानं ४ जुलैला दिल्लीत आणि मग मुंबईत मरीन ड्राइव्हवर पोचला, हे सगळ्यांना आठवतं. पण त्या शनिवारी बार्बाडोसवर ज्या आकड्यांच्या भरवशावर इशारे लागले होते, त्यांत विमानाचा एकही आकडा नव्हता, हे कमी लोकांना माहीत असतं.

मग आकडे कुठून येत होते? मुख्यतः ड्वोराक पद्धतीतून. व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवलेली ही पद्धत ढगांचा आकार, पट्ट्यांची वळणं आणि डोळ्याचं (वादळाच्या मध्यातल्या मोकळ्या जागेचं) तापमान पाहून 'टी' क्रमांक देते. टी २.० म्हणजे ३० नॉट, टी ४.० म्हणजे ६५, टी ५.० म्हणजे ९०, टी ६.० म्हणजे ११५. पद्धतीत मुद्दाम लगाम ठेवलेला आहे. एका चांगल्या चित्रानं वाहून जाऊ नये म्हणून चोवीस तासांत २.५ पेक्षा जास्त वाढ धरायची नाही. बेरिलचा हिशेब मांडा. शुक्रवारी संध्याकाळी २.०, रविवारी दुपारच्या आत ६.०. बेचाळीस तासांत चारची वाढ, आणि लगाम देतो साडेचारच्या आत. काठावरून गेलं. याहून जोरात वाढणारं वादळ असेल तर पद्धत नियमानंच मागे पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅसिफिकमध्ये ओटिसच्या वेळी झालं ते असंच. उपग्रहाचा अंदाज कमी पडला, अकापुल्कोला धडकण्याच्या आदल्या दुपारी गेलेल्या विमानाला आत कितीतरी जोरदार वादळ सापडलं, आणि शहराच्या हाती अर्धा दिवसही उरला नाही.

स्कॅटरोमीटर, म्हणजे उपग्रहावरचं रडार, समुद्रावरचा वारा मोजतो, पण २५ किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी देतो. त्याच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये मोठी फट असते आणि छोटं वादळ नेमकं त्या फटीत सापडतं. बेरिलचा गाभा सुरुवातीला इतका लहान होता की हरिकेनच्या वेगाचे वारे मध्यापासून मोजक्या मैलांतच होते. एका चौकोनाच्या सरासरीत ते विरघळून जातात. म्हणून लहान वादळात स्कॅटरोमीटरच्या कमाल वाऱ्याला कमीत कमी मर्यादा समजायचं. त्याचा खरा उपयोग वाऱ्याची दिशा आणि पसारा पाहायला.

रात्री इन्फ्रारेड चित्रात वरचे पांढरे ढग सगळं झाकतात. अशा वेळी मायक्रोवेव्ह उपग्रहाची फेरी लाखमोलाची. ३७ गिगाहर्ट्झच्या चित्रात मध्याभोवती पूर्ण बंद कडं दिसलं की येत्या चोवीस तासांत वादळ झपाट्यानं वाढण्याची शक्यता जमेस धरायची. हा संकेत इन्फ्रारेडमध्ये डोळा उघडण्याच्या कितीतरी आधी मिळतो. अडचण एकच. या फेऱ्या ठरावीक वेळी येत नाहीत, कधी दोन तासांत दोन, कधी दहा तास एकही नाही.

विमान पोचल्यावर

रविवारी विमानं पोचली आणि ११:३५ ला वेळापत्रकाबाहेरचं बुलेटिन निघालं: चौथी श्रेणी. त्यांनी नेमकं काय केलं ते जवळून पाहू.

हरिकेनमध्ये फ्लाइट ७०० मिलिबारच्या पातळीवर, म्हणजे साधारण १०,००० फुटांवर चालते. वाट ठरलेली, 'अल्फा' नावाची. मध्यापासून १०५ सागरी मैलांवरून एका कोपऱ्यातून आत शिरायचं, सरळ डोळ्यातून समोरच्या कोपऱ्यात १०५ मैल बाहेर, मग वळून साधारण १५० मैलांचा आडवा तुकडा, आणि पुन्हा आत-बाहेर. इंग्रजी चारच्या आकड्यासारखी ही वाट ५७० मैलांची होते आणि साधारण अडीच तास खाते. वादळाचे चार काप आणि मध्याचे दोन फिक्स मिळतात.

विमानात दर ३० सेकंदांना वारा, दाब, तापमानाची नोंद होते आणि दहा-दहा मिनिटांच्या गठ्ठ्यांनी पाठवली जाते. वरच्या पातळीवरचा वारा जमिनीवर उतरवायला गुणक वापरतात: ७०० मिलिबारवर ०.९, ८५० वर ०.८. म्हणजे वर १३० नॉट असेल तर खाली ११७, जाहीर करताना पाचाच्या पटीत ११५. हे गुणक पुष्कळ वादळांची सरासरी आहेत, त्या क्षणाच्या वादळाची शपथ नव्हे.

डोळ्यात आणि त्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत ड्रॉपसोंड टाकतात. पॅराशूट लावलेली ही नळी चारेक मिनिटांत पाण्यावर आदळते. मध्याचा दाब तिच्यावरून ठरतो, पण ती नेमकी मध्यात पडतेच असं नाही. पाण्यालगत तिनं वारा नोंदवला तर दर १० नॉटमागे एक मिलिबार वजा करायचा. ९५२ मिलिबार आणि २० नॉट आले, तर मध्याचा दाब ९५० धरायचा. भिंतीत टाकलेल्या ड्रॉपसोंडचा तळाचा आकडा मात्र एक क्षणाचा झोत असतो. त्याला एक मिनिटाची सरासरी समजून 'वारा १७० नॉट!' अशी आरोळी समाजमाध्यमांवर दर हंगामात उठते. तज्ज्ञ तळाच्या १५० मीटरची सरासरी घेऊन त्यावर गुणक लावतात.

पंखाखालचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर समुद्रावरच्या फेसावरून वारा काढतो. मुसळधार पावसात आणि उथळ पाण्यावर तो बहकतो. फार जोरदार वाऱ्यात तो जास्त दाखवतो, हेही अलीकडच्या वर्षांत लक्षात आलंय. म्हणून त्याचा एकटा आकडा कुणी घेत नाही.

सगळं नीट झालं तरी चार काप म्हणजे चारच काप. सर्वांत जोराचा वारा भिंतीच्या एका छोट्या तुकड्यात असतो आणि तो विमानाच्या वाटेत आलाच पाहिजे असं नाही. अल्फा वाट खरी कमाल साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी पकडते असं अभ्यासातून दिसतं. बुलेटिनमधला आकडा विमानाच्या थेट नोंदीपेक्षा थोडा वर असला की 'फुगवून सांगतात' अशी तक्रार होते. ती फुगवणूक नसते, ही भरपाई असते.

विमानाशिवाय इतकी नीट कळली नसती अशी गोष्ट रविवारी रात्री घडली. बेरिलच्या डोळ्याभोवती बाहेर दुसरी भिंत उभी राहिली, आतली आक्रसू लागली आणि वाऱ्याचा जोर तिसऱ्या श्रेणीवर उतरला. बेटांवर थोडा दिलासा वाटला. सोमवारी सकाळी ते पुन्हा चौथ्या श्रेणीत होतं आणि ११:१० ला ग्रेनेडाच्या कारियाकू बेटावर धडकलं. शेजारच्या युनियन बेटावर नव्वद टक्के घरं पडली किंवा त्यांचं जबर नुकसान झालं. दोन फिक्सच्या मधल्या सहा तासांत अशी भिंत बदलते. म्हणून एकाच फिक्सवरून 'कमजोर होतंय' असं म्हणायचं नाही. आधी पाहायचं की दाब वाढतोय की फक्त वारा उतरलाय, आणि डोळ्याचा व्यास किती बदललाय. दाब तेवढाच आणि डोळा मोठा असेल, तर वादळ दम खातंय, थकलेलं नाही. त्याच रात्री अकराला बेरिल पाचव्या श्रेणीत गेलं. २००५ च्या एमिलीचा १६ जुलैचा विक्रम दोन आठवड्यांनी मागे पडला.

कोकणातून बघताना

अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात नियमित टेहळणीची विमानं जात नाहीत. म्हणजे बेरिलचे पहिले चाळीस तास ही आपल्याकडे कायमची परिस्थिती आहे. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ १ जूनला अजून कमी दाबाचं डिप्रेशन होतं. दोन दिवसांत सगळं आटोपलं. त्याची तीव्रता ठरली ती ड्वोराक, इन्सॅट, स्कॅटरोमीटर आणि किनाऱ्याजवळ आल्यावर मुंबईच्या डॉपलर रडारवरून.

त्यामुळे भारतीय हवामान खात्याचं चक्रीवादळाचं बुलेटिन हाती आलं की त्यातला 'टी' क्रमांक आणि तो कोणत्या वेळेच्या चित्रावरून काढलाय ते आधी वाचायचं. सहा तासांपूर्वीच्या बुलेटिनशी ताडायचं. ०.५ नं वाढला तर नेहमीची चाल, १.० नं वाढला तर मच्छीमार सोसायट्यांना फोन करायची वेळ झाली. वाऱ्याचा आकडा अमेरिकी संकेतस्थळाशी ताडताना लक्षात ठेवायचं की खातं तीन मिनिटांची सरासरी देतं आणि अमेरिकेतली केंद्रं एका मिनिटाची. एकाच वादळाला अमेरिकी आकडा थोडा मोठा दिसतो. दोघांत मतभेद आहेत असा त्याचा अर्थ नसतो.